सन १३१७ फसलीचा डॉक्टर

तीर्थपुरीत पीएच.डी. करणाऱ्या पोराला पहिला त्रास होतो तो विषयाच्या नावाचा. 'विधी-इतिहास' म्हटले की बसस्टँडजवळच्या हॉटेलात समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी आदर येतो, मग शंका. "विधी म्हंजे दहाव्याचे का तेराव्याचे?" असे एकाने खरोखर विचारले होते. कायद्याचा इतिहास, असे उलगडून सांगितले की पुढचा प्रश्न तयार: मग वकिली काहून करत नाही? बरे, डॉक्टर होणार म्हणतो, तर सलाइन लावता येणार का? तेही नाही. नव्वदीला टेकलेल्या आबांनी, म्हणजे त्याच्या चुलत आजोबांनी, पारावर निकाल देऊन टाकला, "म्हंजे कोट बी नाही अन् सुई बी नाही."

त्याचा विषय आहे हैदराबाद संस्थानातला जमीन महसूल कायदा. साल १३१७ फसली. हे 'फसली' उच्चारायला विसरले की काय होते, ते त्याला पहिल्याच चर्चासत्रात कळले. "१३१७ साली दिल्लीला खिलजी होते. तेव्हा सातबारा होता का?" असा प्रश्न आला आणि चहा होईपर्यंत सभागृह हसत राहिले. फसली म्हणजे पिकाचे साल. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ५९१, की इसवी सन हाती लागतो. म्हणजे १३१७ फसली सुरू झाले ते १९०७ च्या ऑक्टोबरात. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी. ही भानगड समजायला त्याला दोन महिने लागले, भिंतीवर तक्ता चिकटवावा लागला. आबांनी तो तक्ता पाहिला आणि म्हणाले, "दसऱ्याच्या सुमाराला साल पालटायचं. येवढ्याला कागद कशाला लागतो?"

खरी गोम लिपीत. संस्थानात फारसीच्या जागी उर्दू आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शिक्षणच उर्दूतून. गावपातळीवरचा कितीतरी व्यवहार मात्र मोडीत. कचेरीतल्या कारकुनाची उर्दू घसटून लिहिलेली, तिला म्हणायचे शिकस्ता, म्हणजे मोडलेली. आणि मोडी तर नावातच मोडलेली. या दोन मोडक्या लिप्यांच्या मध्ये संशोधक सापडला तर तिसरे काय मोडणार, हे सांगायला नको. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लटकवत जायचे. शब्दाशब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. एक शब्द कुठे संपला हे ठरवण्यात त्याची एक अख्खी दुपार जायची. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, की पुन्हा रेघेच्या टोकापासून सुरुवात.

मार्गदर्शकांना या दुपारींचे कौतुक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला साधारण सहा वर्षे, फार तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन. "इतिहास संपेना तर संपेना, तुमची मुदत संपेल," असे ते प्रत्येक भेटीत सांगतात. यावर तो महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे नाव पुढे करतो. काण्यांनी 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला जोडायची म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासावर प्रस्तावना योजली. ती वाढत वाढत पाच खंडांची झाली. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. दुसऱ्याच वर्षी भारतरत्न. शिवाय 'मयूख'कर्त्या नीलकंठ भट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, म्हणजे आमच्याच गोदेच्या वरच्या अंगाचे, अशी पुस्तीही तो जोडतो. मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "काण्यांना दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल भरायचा नव्हता."

अशी तीन वर्षे गेली आणि बेकार समजलेली विद्या एकाएकी कामाची ठरली. ऑगस्ट २०२३ मध्ये शेजारच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाडाभर निजामकाळच्या कागदांत 'कुणबी' नोंदी शोधायला सुरुवात झाली. उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस कुठे मिळतो, अशी विचारणा होऊ लागली. मिळतो, तीर्थपुरीत, कोट-सुई नसलेला!

मग रात्री साडेदहाला दारावर थाप. पत्र्याच्या ट्रंका, त्यात वाळवीने अर्धे खाल्लेले कागद, सोबत कागद आणणाऱ्याचा थकलेला चेहरा. त्याच्या मायने चहाच्या पातेल्याचे माप वाढवले. कुणी सेतवार आणी, कुणी खासऱ्याची नक्कल, एकाने तर १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यातली नोटीस 'निजामाची सनद' म्हणून आणली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच एक पाव्हणे हजर, "ग्याझेटात आमच्या पंजाचं नाव काढून द्या." गॅझेटियरमध्ये जाती-जमातींची माहिती आणि आकडे असतात, कुणाच्या पंजोबाचे नाव नसते, हे समजावताना त्याचा प्रबंधाचा आणखी एक दिवस खर्ची पडला. प्रकरण चौथे तेव्हा सोळाव्या पानावर होते. आजही तिथेच आहे.

"कवा संपायचं रे तुझं?" हे आबांचे पालुपद मात्र रोजचे. परवा त्यांनीच उशाखालून एक घडी काढली. नाल्याकडच्या बांधावरून शेजाऱ्याशी चाळीस वर्षे जुनी बोलाचाली, त्याचा हा मोडी कागद, वडिलांच्या वेळचा. घडीवर चार जागी चिरा, कडेला हळदीचा डाग. पोराने तो मांडीवर पसरला, मोबाइलचा उजेड पाडला आणि रेघेखालून बोट फिरवत एकेक अक्षर सोडवले. अर्धा तास. बाभळीच्या खुणेपासून पूर्वेला जी पट्टी, ती शेजाऱ्याच्या आजाची, असे कागद स्वच्छ म्हणत होता.

आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"तुझी ती पीएच.डी. अजून पुरी नाही ना झाली?"

"नाही, आबा."

"मंग हे वाचन कच्चं हाय," असे म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत उशाखाली सारली. त्या दिवसापासून प्रबंध कधी संपणार हे त्यांनी एकदाही विचारलेले नाही. उलट, सावकाश होऊ दे म्हणतात.