पीएसडी आणा, सर

दिग्रसमध्ये फोटोशॉप नाही असं फ्लेक्सचं दुकान मी पाहिलेलं नाही, आणि फोटोशॉप विकत घेतलेला माणूसही पाहिलेला नाही. घंटीबाबांच्या यात्रेचं स्वागत असो, सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात असो की कुण्या भाऊंचा वाढदिवस, फलक निघतो तो बहुधा फोटोशॉप 7 मधून. ही आवृत्ती 2002 ची. त्यानंतर धावंडा नदीच्या पुलाखालून बरंच पाणी गेलं (उन्हाळ्यात तेही जात नाही), 2013 मध्ये ॲडोबी कंपनीने नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं बंद करून भाडं लावलं. आमच्याकडे मात्र ती जुनी सीडी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर, बापाचं शेत लेकाकडे जावं तशी जात राहिली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. परीक्षेच्या वेळी पोरांच्या मोज्यांतून चिठ्ठ्या काढतो. त्यामुळे पोळा व्हायच्या आधी गणेश मंडळाची बैठक झाली आणि अध्यक्ष म्हणाले, "यंदा फ्लेक्सचं सरांकडं द्या, त्यायच्याकडं कम्प्युटर हाय," तेव्हा मी उभा राहून चोरीच्या सॉफ्टवेअरवर बराच वेळ बोललो. बाप्पाचा फलक चोरीच्या मालावर करायचा का, असा सवालही टाकला. सगळे चहाची वाट पाहत होते. "फुकटात होते ना पण?" एवढंच कोषाध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, फुकट आणि वर कायदेशीर.

पर्यायांना तोटा नव्हता. क्रिता उघडलं. ते चित्रकारांचं. त्यात ब्रश इतके, की फलक राहिला बाजूला आणि मी बाप्पाचा उंदीर काढत बसलो. बायकोने पाहून "डुक्कर छान आलं" म्हटल्यावर ते बंद केलं. इंकस्केप रेषांच्या कामाचं, फोटोंच्या नाही. मग फोटोपी. इव्हान कुत्स्किर नावाच्या एकट्या माणसाने 2013 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं, फोटो आपल्याच कम्प्युटरवर राहतो, आणि दिसायला हुबेहूब फोटोशॉप. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण इतक्या सुखासुखी काम झालं असतं तर बैठकीतलं माझं भाषण वाया गेलं असतं. तत्त्वासाठी थोडा तरी त्रास दिसायला हवा.

म्हणून गिंप. 1995 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी जगाला देऊन टाकलं. (पुढे याच जोडीने डेटाबेसची कंपनी काढली आणि तिला झुरळाचं नाव दिलं. नावांच्या बाबतीत माणसं पहिल्यापासून बेफिकीर.) गिंपची तिसरी आवृत्ती 2025 च्या मार्चमध्ये आली, दुसरीनंतर एकवीस वर्षांनी. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची वाट पाहणाऱ्याला या वेगाचं नवल वाटत नाही. माझ्या कम्प्युटरला मात्र 2018 चं 2.10 च झेपलं.

गिंपची बाजू घेऊन एक गोष्ट सांगायलाच हवी. फोटोशॉप 7 मध्ये युनिकोडात 'दिग्रस' टाइप करून पाहा. द ची वेलांटी ग च्या डोक्यावर जाऊन बसते, ग चा पाय मोडतो आणि र सुटा पडतो. म्हणून दुकानातली पोरं अजून जुने फाँट आणि त्यांचे पाठ केलेले कळफलक धरून आहेत. गिंपमध्ये अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ करतं. तेही फुकट, आणि अँड्रॉइड फोनमध्ये आपण मराठी वाचतो तीही त्याच्याच कृपेने. मी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फाँट घेतला, तोही मुक्त परवान्याचा, आणि लिहिलं 'दिग्रस'. अक्षर न् अक्षर जागेवर! रात्री बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "दिग्रसच लिवलं ना? मंग?"

फलक दहा बाय आठ फुटांचा. गिंपमध्ये माप फुटांतही देता येतं, ते दिलं. इंचाला ठिपके किती, या चौकटीत 300 आधीच होते. छपाईला 300 लागतात असं कुठेतरी वाचलेलं, म्हणून तसेच ठेवले. 36,000 गुणिले 28,800 म्हणजे 103 कोटी 68 लाख ठिपके. देशातल्या दर दहा माणसांपैकी सात जणांना एकेक वाटता आला असता. चित्राचा एक थरच चार जीबीच्या घरात, आणि माझ्या कम्प्युटरची सगळी मेमरी मिळून चार जीबी. गिंपने बिचाऱ्याने विचारलंही, की एवढं मोठं चित्र खरंच हवं का? विचारलेल्या प्रश्नाला 'ओके' म्हणायची आपली सवय. पंखा असा काही फिरायला लागला की शेजारच्यांना पिठाची गिरणी घेतली असं वाटलं असावं. तेवढ्यात लाईन गेली म्हणून दोघंही वाचलो. फ्लेक्स लोक रस्त्यावरून पाहतात, त्याला इंचाला 72 ठिपके पुरतात, म्हणजे सगळे मिळून जेमतेम सहा कोटी. ही माहिती नंतरची.

आता डोकी. आपल्याकडे फलकावर देव एक आणि शुभेच्छुक दोन डझन असतात. सगळ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले, त्यामुळे निम्मे धूसर. मागची भिंत कापली की तिथे पांढरं उरायचं. कारण थराला आधी अल्फा चॅनल द्यावा लागतो, म्हणजे पारदर्शक होण्याची परवानगी. ती दिली की कापलेल्या जागी राखाडी चौकडे दिसतात. चौकडे म्हणजे तिथे काहीच नाही, ते छापत नाहीत. हे ज्ञान झालं आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी टोपी घालून बसलेल्या काकांवर एकसारखा रंग निवडणारी जादूची कांडी फिरवली, तर भिंतीबरोबर टोपी गेली आणि टोपीबरोबर कपाळही. कोषाध्यक्षांचा फोटो लग्नातला, त्यांच्या खांद्यावर साडूचा हात. साडू कापले गेले, हात राहिला. मंडळाच्या हिशेबाच्या संदर्भात तो हात कोणाचा, यावर पुढे गावात बरंच बोललं गेलं.

"अजून तेच डोकं सुरू हाय का?" बायको जाता-येता विचारायची. कोणाचं, ते सांगायची नाही.

बाप्पाचं चित्र मात्र मी गूगलवरून 'पारदर्शक' म्हणून शोधून काढलं. मागे सुबक चौकडे. फलकावर ठेवलं, लाल रंगावर ते चौकडे तसेच दिसत राहिले. मला काहीच वाटलं नाही. अध्यक्षांना नमुना पाठवला तर लगेच फोन. "सर, बाप्पाच्या मांगं ते चौकडे कायचे जी?" मी त्यांना पारदर्शकता समजावून सांगितली. शेवटी ते "तुमाले ठाऊक" म्हणाले.

पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो. मशीनवर बसलेला पोरगा दहावीला माझ्या वर्गात होता. त्याने गिंपची फाइल पाहिली. "हे एक्ससीएफ काय हाय सर? आमच्याकडं उघडत नाही. पीएसडी आणा." इथे मला आमच्या गावातली खरी मक्तेदारी कळली. ती सॉफ्टवेअरची नाही, फोटोशॉपच्या फाइलच्या त्या तीन अक्षरांची आहे. फोटोशॉप टाळून तुम्ही कुठूनही या, दारात पीएसडीच दाखवावी लागते. गिंपमधून पीएसडीही निघते, एक्सपोर्ट म्हटलं की झालं. घरी जाऊन ती काढली, परत आलो.

"सर, बाप्पाच्या मागचे चौकडे..." तो चाचरत म्हणाला.

"दहावीला अपवर्तन कोणी शिकवलं रे तुला?"

"तुमीच जी."

"मग? ते पारदर्शक आहे. हात लावू नको."

हे काम तो रोज सकाळपासून रात्रीपर्यंत करतो. त्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, "हाओ सर" म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

स्थापनेच्या सकाळी मंडपावर फलक चढला. 'दिग्रस' देखणं आलं होतं. काकांना कपाळ नव्हतं. आणि बाप्पाच्या मागे, सोंडेपासून मोदकापर्यंत, हातभर लांबीरुंदीचे राखाडी-पांढरे चौकडे झळकत होते. पारदर्शक चित्र असल्याचं सोंग म्हणून कोणीतरी ते चित्रातच रंगवून ठेवले होते.

ढोल थांबले तेव्हा एका पोट्ट्याने मोठ्याने विचारलं, "सर, बाप्पाच्या मांगं बुद्धिबळाचा पट कायले?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "बुद्धीची देवता नाही का रे ती?"

अध्यक्ष राजकारणात मुरलेले. संध्याकाळी आरतीनंतर त्यांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, की आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलैमध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तिच्या सन्मानार्थ मंडळाने यंदा मुद्दाम हा देखावा योजलेला आहे. टाळ्या पडल्या. मग त्यांनी रविवारी तालुकास्तरीय खुली बुद्धिबळ स्पर्धा जाहीर केली, आणि संयोजक व पंच म्हणून माझं नाव.

मला घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक. शनिवारी सरावाला म्हणून सातवीतल्या एका मुलीशी बसलो. चौथ्या चालीला मात.