व्हाया चाळीसगाव

धुळ्याच्या घरी वडिलांच्या निगेटिव्हांचा डबा. त्यासाठी जळगावहून जुना फिल्म स्कॅनर आणला. त्याला फायरवायरचं तोंड, लॅपटॉपला थंडरबोल्ट ३ चं. मग फायरवायर ४०० वरून ८०० ची केबल, तिथून थंडरबोल्ट २, तिथून ३. धुळ्याहून रेल्वेने जळगावला जाण्यासारखंच, चाळीसगावला उतरा, गाडी बदला. जोडण्यांचा खर्च स्कॅनरहून जास्त. (घरी सांगितलेला नाही.) शेवटी दिवा लागला, तर संगणक म्हणतो, ड्रायव्हर नाही! गाडी फलाटावर, चालक बेपत्ता. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस म्हणे प्रेयसीसाठी पन्नासेक वर्षं पंजाब मेलची वाट पाहत राहिले. ड्रायव्हरची वाट पाहत आम्हाला जेमतेम तीन आठवडे झालेत. तोवर बायको निगेटिव्ह खिडकीशी धरून सासऱ्यांना ओळखून मोकळी.