शेवटून पहिला नंबर कसा काढावा

पोहण्याच्या स्पर्धेत शेवटचं येणं दिसतं तितकं सोपं नाही. धावण्याच्या शर्यतीत मागे पडलेल्याला पोटरीत गोळा आल्याचं निमित्त करून कडेच्या गर्दीत मिसळून जाता येतं. तलावात ती सोय नाही. सात जण काठाला टेकून धापा टाकताहेत, आठव्या लेनमध्ये एकच टोपी अजून वरखाली होते आहे, आणि माइक हाती असलेला उत्साही माणूस सांगतो आहे, "यांच्यासाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" पंचविशीपुढच्या हौशी पोहणाऱ्यांसाठी भरणाऱ्या 'मास्टर्स' स्पर्धांत हा प्रसंग प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक तुकडीत, कुणा ना कुणावर येतोच. आठ जण उतरले की एक जण आठवा येणार, त्याला इलाज नाही.

अशा वेळी मन प्रसन्न कसं ठेवावं, यावर उपाय पुष्कळ सांगितले जातात. आरशासमोर उभं राहून "मला जमणार" असं पुटपुटावं, डोळे मिटून विजयाचं चित्र पाहावं, वगैरे. या उपायांचा दोष एवढाच की स्टॉपवॉचला ते ऐकू जात नाहीत. संथ पोहणाऱ्याने मनोधैर्य मनात शोधत बसू नये. ते नियमपुस्तकात कलमवार छापलेलं आहे, फक्त कुणी वाचत नाही.

ते तसं असण्याला कारण आहे. मोठ्या माणसांनी तब्येतीसाठी पोहत राहावं असं वाटत असेल, तर त्यांच्यापुढे स्पर्धेचं गाजर धरलं पाहिजे, असं अमेरिकी नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचं म्हणणं होतं. त्यातून १९७० साली टेक्सासमधल्या अमारिलो शहरात अमेरिकेची पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली आणि १९८६ साली टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा. म्हणजे ज्यांनी हा खेळ मांडला, त्यांनी पोट सुटलेली आणि लवकर दम लागणारी माणसं गृहीत धरूनच मांडला. शिवाय जागतिक मास्टर्समध्ये पोहणारा आपल्या क्लबच्या नावाने उतरतो, देशाच्या नाही. सबब तो शेवटचा आला तरी देशाचं नाक शाबूत राहतं.

अर्ज भरताना

प्रवेश अर्जात 'एंट्री टाइम' नावाचा एक रकाना असतो. इथे कॉलेजात चॅम्पियन असलेला माणूस हमखास फसतो. त्याला तेव्हाची वेळ तोंडपाठ असते आणि मधली तीस वर्षं तो हिशेबात धरत नाही. परिणामी त्याची नेमणूक खऱ्या वेगवान मंडळींच्या हीटमध्ये होते आणि तो अर्ध्यावर असताना बाकीचे टॉवेल शोधायला लागतात. संकोची माणूस हा रकाना कोरा सोडतो. वेळ न लिहिणाऱ्याला सर्वांत संथांत धरलं जातं, त्यामुळे संकोची माणूस नकळत आपल्या माणसांत जाऊन पोहोचतो.

पुढे लेनचं वाटप. आठ लेनच्या तलावात हीटमधल्या सर्वांत वेगवान माणसाला चौथी लेन मिळते, त्यानंतर पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि उरलेल्याला आठवी. आठवी लेन मिळाली की तोंड पाडून बसू नये. मधल्या लेनमधल्या माणसाला दोन शेजारी असतात, आठवीतल्याला एकच, म्हणजे आपल्याला मागे टाकून जाणारे पाय एकाच बाजूला दिसतात. श्वास दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून घेतला, की तेही दिसत नाहीत. परतीच्या फेरीत मात्र भिंत उलट बाजूला येते. म्हणून दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याचा सराव संथ पोहणाऱ्याने मन लावून करावा. प्रशिक्षक सांगतात की त्याने शरीराचा तोल सुधारतो. तो सुधारेलच, पण मुख्य फायदा वर सांगितला तो.

सूर मारताना

सूर मारण्यासाठीच्या ब्लॉकवर उभं राहिल्यावर माणूस पाण्यापासून हातभर वर असतो आणि ते अंतर वयाबरोबर वाढत जातं. विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या पिढीला उडी ठाऊक असते, सूर नव्हे. स्टार्टरचा इशारा होतो, गृहस्थ झेपावतात, पोट सपाट आपटतं आणि त्या धक्क्याने गॉगल डोळ्यांवरून घसरून थेट वरच्या ओठावर येऊन बसतो. तिथून पुढची शर्यत मिशीला चष्मा लावून पोहावी लागते.

मास्टर्सच्या नियमांत यावर तोडगा आहे. ब्लॉकवर चढलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तलावाच्या काठावरून सुरुवात केली तरी चालते आणि पाण्यात उतरून भिंतीला पाय रेटून निघालं तरीही चालतं. यात काही सेकंद जातात. मात्र ज्याला वेळेचं वैभव मुबलक लाभलेलं आहे, त्याने चार सेकंदांसाठी पोट भाजून घेऊ नये.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळावी: इशारा होईपर्यंत हलायचं नाही. संथ पोहणाऱ्याला शुभचिंतक ससा-कासवाची गोष्ट फार सांगतात. तिच्यावर विसंबू नये, कारण तलावात ससा झोपत नाही. पण तो घाई करतो. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी १०० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटला उभा राहिला. सिडनीला येईपर्यंत त्याने ५० मीटरचा तलाव पाहिलाही नव्हता. हीटमध्ये तिघंच होते. उरलेल्या दोघांनी इशाऱ्याआधीच पाण्यात झेप घेतली आणि दोघंही बाद झाले. मुसांबानी एकटा पोहला. शेवटी शेवटी तर हा बुडतो की काय, असं बघणाऱ्यांना वाटायला लागलं. १ मिनिट ५२.७२ सेकंदांनी त्याने भिंतीला हात लावला आणि हीट जिंकली. त्याच ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या पीटर व्हॅन डेन हूगेनबँडने २०० मीटर, म्हणजे बरोबर दुप्पट अंतर, १ मिनिट ४५.३५ सेकंदांत कापलं होतं. तरी त्या हीटच्या निकालात पहिलं नाव मुसांबानीचंच आहे. पुढे तो आपल्या देशाच्या जलतरण संघाचा प्रशिक्षक झाला.

पोहताना

फ्रीस्टाइलच्या शर्यतीत सगळे क्रॉल पोहतात म्हणून आपणही तसंच पोहलं पाहिजे, हा गैरसमज आहे. फ्रीस्टाइलमध्ये कुठलाही प्रकार चालतो. दमलेल्याने उताणं व्हावं, आकाश बघावं आणि सावकाश हात मारत राहावं. फार दमलेल्याने उभं राहावं. होय, फ्रीस्टाइलमध्ये तळाला पाय टेकून उभं राहिल्याने कुणी बाद होत नाही, चालायला तेवढी बंदी आहे. बुडत्याला काडीचा आधार नियमात बसतो, लेनची दोरी ओढून पुढे सरकणं मात्र बसत नाही. सबब स्पर्धेला नाव देण्याआधी तलाव किती खोल आहे याची चौकशी करावी.

उताणं पोहण्याचा आदर्श जपानच्या मिएको नागाओका यांनी घालून दिला आहे. या बाई ऐंशी ओलांडल्यावर पोहायला लागल्या. २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, मात्सुयामा इथे २५ मीटरच्या तलावात त्या १५०० मीटर फ्रीस्टाइल पोहल्या, तेही बॅकस्ट्रोक मारत. वेळ १ तास १५ मिनिटं ५४.३९ सेकंद. पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॉबी फिंकने १५०० मीटरचा जो विश्वविक्रम केला तो १४ मिनिटं ३०.६७ सेकंदांचा. त्या वेगाने तेवढ्या वेळात पाच वेळा पोहून झालं असतं आणि वर अंग पुसायला तीन मिनिटं उरली असती. पण शंभरी गाठलेल्या माणसाने हे अंतर पूर्ण केल्याची ती पहिलीच नोंद होती. त्यांचा वेग कुणाच्या लक्षात नाही, वय सगळ्यांच्या लक्षात आहे.

लांबच्या शर्यतीचा आणखी एक लाभ घंटेचा. ८०० आणि १५०० मीटरमध्ये शेवटच्या दोन फेऱ्या आणि पाच मीटर उरले की त्या लेनच्या टोकाशी बसलेला पंच घंटा वाजवतो किंवा शिट्टी फुंकतो. ही सूचना प्रत्येक लेनला स्वतंत्र असते. पहिल्या सात जणांच्या घंटा एकमेकींत मिसळून जातात. शेवटच्याची घंटा एकटी, सुस्पष्ट आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी वाजते. देवळाखेरीज इतका मान सहसा मिळत नाही.

या काळात काठाला लोंबकळत राहिलेले इतर स्पर्धक आपली कीव करताहेत, असं समजू नये. मास्टर्समध्ये पंचांनी बाहेर यायला सांगेपर्यंत आपापल्या लेनमध्ये थांबायची मुभा असते. ते थांबलेले असतात, कारण त्यांच्या अंगात वर चढण्याचं त्राण उरलेलं नसतं.

आणि ज्याला तलावातली टाळ्यांची दयाबुद्धी सोसवतच नाही, त्याने समुद्र धरावा. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरच्या सुमारास राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, शाळकरी मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळे उतरतात. तिथे लेन नाहीत, भिंत नाही, आणि किनाऱ्यावरून बघणाऱ्या नातेवाइकांना सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात. ते ज्याच्यासाठी ओरडत असतात तो बहुधा दुसऱ्याच घरचा असतो.

शर्यत निवडताना

५० मीटर फ्रीस्टाइलला गर्दी होते. येईल तो आधी तिथे नाव घालतो. २०० मीटर बटरफ्लायच्या यादीत मात्र शुकशुकाट असतो, कारण नाव ऐकूनच खांदे दुखतात. इथेही मास्टर्सचं नियमपुस्तक धावून येतं: बटरफ्लायमध्ये हात फुलपाखराचे असले तरी पायांनी बेडकासारखी ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारायला परवानगी आहे. दिसायला हा प्राणी विचित्र दिसतो, पण कायदेशीर असतो.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक वळणाला आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. वेगात आलेला माणूस अंगातल्या जोराने एक हात आधी लावून बसतो आणि वळणावरचा पंच शांतपणे हात वर करतो. बाद झालेल्याच्या नावापुढे वेळ छापली जात नाही. संथ पोहणाऱ्याला भिंत बऱ्याच आधीपासून दिसत असते. ती जवळ येईस्तोवर दोन्ही हात जुळवून घ्यायला, टोपी सावरायला आणि नियम मनात उजळायला सवड मिळते. अशा रीतीने निकालपत्रात एखाद-दोन दणकट माणसं आपल्या खाली आलेली आढळली तर त्यांच्याकडे बघून हसू नये. मान तुकवून पुढे जावं.

तिघांच्या गटात तिसऱ्याला कांस्यपदक मिळतं. गटात किती जण होते, हे पदकावर कोरायची पद्धत नाही. घरी विचारलं तर "तिसरा आलो" एवढंच खरं उत्तर द्यावं आणि चहा मागावा.

वय वाढवताना

वेग वाढवणं प्रत्येकाच्या हाती नाही. वय वाढवणं मात्र कसलाही सराव न करता जमतं आणि मास्टर्समध्ये त्याला रोकडा भाव आहे. वयोगट पाच-पाच वर्षांचे असतात, आणि गटात नव्याने शिरणारा त्या गटातला तरुण ठरतो. जागतिक नियमांत वय स्पर्धेच्या दिवसाचं नव्हे, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं धरतात. १९६६च्या डिसेंबरात जन्मलेला माणूस २०२६च्या जानेवारीतच ६० ते ६४च्या गटात दाखल होतो, साठीचा केक अकरा महिने लांब असताना.

हा नियम ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज कोरोनस यांना चांगला फळला. निवृत्त डॉक्टर असलेले हे गृहस्थ ऐंशीच्या सुमारास पुन्हा पोहायला लागले होते. फेब्रुवारी २०१८मध्ये गोल्ड कोस्टला ते १०० ते १०४च्या गटात ५० मीटर फ्रीस्टाइल पोहले तेव्हा ९९ वर्षांचे होते. वेळ ५६.१२ सेकंद, आधीच्या विक्रमापेक्षा ३५ सेकंदांनी कमी. त्या गटात दुसरं कुणी नव्हतंच, तरी जागतिक विक्रम तो जागतिक विक्रम.

आता राहिली रिले. इथे चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो: १२० ते १५९, १६० ते १९९, २०० ते २३९, याप्रमाणे चढत २८० ते ३१९ आणि त्याही पुढे. समजा एका क्लबात ६३, ६६ आणि ७२ वर्षांचे तिघं तयार आहेत. त्यांची बेरीज २०१. चाळिशीतला तडफदार भिडू घेतला तर गाडी २४०च्या गटात अडकते आणि तिथे समोर दणकट साठीवाले उभे असतात. २८०चा गट गाठायचा तर चौथा भिडू ७९ वर्षांचा तरी हवा. मग नेहमी आठव्या लेनमध्ये दिसणाऱ्या आजोबांना क्लबच्या सेक्रेटरीचा रात्री साडेनऊला फोन येतो. आवाज एकदम अदबीचा असतो. काका, ५० मीटर कितीत मारता, असं तो विचारतच नाही. त्याला एवढंच हवं असतं की रविवारी येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणाल ना.