दट्ट्या

सेवानिवृत्तीच्या तिसऱ्या महिन्यात, ज्या वयात सभ्य गृहस्थ ज्ञानेश्वरीचे पारायण किंवा मधुमेहाचे पथ्य आरंभतात त्या वयात, मी आमच्या १९७६ सालच्या पद्मिनीचे इंजिन उतरवून अंगणात मांडले. आणि या कृत्यामागे काटकसर, छंद किंवा वडिलार्जित वस्तूवरील निष्ठा यांपैकी एकही उदात्त हेतू नसून, ज्या यंत्रशास्त्राने मला अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात एकदा नव्हे, दोनदा नापास केले, त्याच्यावर चाळीस वर्षांनी का होईना पण दावा लावावा, एवढाच मतलब होता, हे मी प्रतिज्ञेवर लिहून देतो.

एकतीस वर्षे महसूल खात्यात काढलेल्या माणसाची अशी दृढ श्रद्धा असते की, जी वस्तू कागदावर नीट उतरली ती जगात बिघडू शकत नाही. तदनुसार मी प्रत्येक सुट्या भागाचा पंचनामा केला: अनुक्रमांक, वर्णन, जागा, चतुःसीमा, शेरा. कनेक्टिंग रॉडची टोपी ज्या रॉडची त्यालाच परत गेली पाहिजे, आठही व्हॉल्व्ह आपापल्या आसनावरच बसले पाहिजेत, या अदलाबदलीच्या भानगडी टाळण्यासाठी मी ते आठ व्हॉल्व्ह इडलीपात्राच्या दोन ताटल्यांत चार-चार असे ओळीने ठेवले. पंच म्हणून सौभाग्यवतीची सही मागितली असता, इडलीपात्राचा ताबा परत मिळेपर्यंत आपण कोणत्याही कागदावर सही करणार नाही, असे तिने बजावले. एकूण नोंदी २१४ झाल्या. सरकारी नोकरीतही इतका निर्दोष दस्तऐवज माझ्या हातून झाला नव्हता, आणि तो पाहायला कोणी वरिष्ठ उरला नव्हता, याचे मला मनापासून दुःख झाले.

वरिष्ठाची उणीव उद्यमनगरातल्या एका वयोवृद्ध मेस्त्रीने भरून काढली. कोल्हापुरात अशी माणसे अजून आहेत. पालथ्या बादलीवर बसून तो चहा पीत असे आणि माझ्या हातातला पाना उलटा फिरू लागला की नुसते खाकरत असे. तुरिनला जन्मलेले आणि कुर्ल्याला वाढलेले ते १०८९ सीसीचे इंजिन त्याने आयुष्यात किती वेळा खोलले असेल याची मोजदाद नव्हती. माझी मात्र प्रत्येक नट्‌-बोल्टाची होती, आणि या एका बाबतीत मी त्याच्यापेक्षा श्रेष्ठ आहे अशी माझी समजूत होती.

येथे मूळ विषय बाजूस ठेवून एका जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे वळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. न दिली तरी मी वळणार आहेच. पंचनामा शुद्ध मराठीत असावा असा माझा आग्रह होता. आमच्या शालेय पुस्तकात पिस्टनला ‘दट्ट्या’ म्हटले होते, आणि मराठी भाषेने यंत्रयुगाला दिलेली ही सर्वांत गोड देणगी आहे असे माझे मत आहे. दट्ट्या! उच्चारताना जीभच टाळूवर एकदा दाबून सुटते. म्हणजे शब्द स्वतःच ते काम करून दाखवतो. बाटलीचे तोंड बुजवणाऱ्या गुडदीपासून इंजिनाच्या पोटात खालीवर करणाऱ्या या गड्यापर्यंत सर्वांना तो पुरून उरतो. सिलिंडरला ‘वृत्तचिती’, व्हॉल्व्हला ‘झडप’, येथवर पुस्तकांनी साथ दिली. पुढे मी स्वतःच टांकसाळ उघडली आणि क्रँकशाफ्टला ‘वक्रदंड’ व कार्ब्युरेटरला ‘वायुतैलसंयोगक’ अशी नाणी पाडली. मेस्त्री हे सगळे शांतपणे ऐकून घेई. एकदाच म्हणाला, “साहेब, त्ये संयोगक न्हवं, काब्रेटर हाय. आन त्यात कचरा हाय.”

या उपमर्दाने मी खचलो नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश रचला, चौदाशेच्या आसपास यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्या परंपरेतला मी! परंतु त्याच रात्री पंचनाम्याला शीर्षक देताना लक्षात आले की ‘पंचनामा’ या शब्दातला नामा फारसी, ‘तपशील’ अरबी, ‘शेरा’ही परकाच, आणि ज्या दप्तरात तो ठेवायचा ते दप्तर तर रघुनाथपंतांनाही हलवता आले नव्हते. इंग्रजी पिस्टनला देशाबाहेर घालवण्याचा हुकूम मी फारसी शाईने लिहीत होतो. सावरकरांनी ‘दिनांक’ दिला. आम्ही तो छापील नमुन्यात स्वीकारला आणि तोंडाने ‘तारीख काय आज?’ असेच विचारत राहिलो. शब्दाचेही सुट्या भागासारखेच आहे: परका असला तरी झिजून झिजून जागेवर बसला की तो काढताना भोवतालचे लोखंडच तडकते. हा विचार मला इतका आवडला की मी तो मेस्त्रीला ऐकवला. “मग दट्ट्या कशाला बसवताय?” एवढेच तो म्हणाला, आणि चहाचा कप खाली ठेवला.

इतका वेळ इंजिन उघडेच पडले आहे.

रॉकेलमध्ये भिजवून पहिल्या दट्ट्याच्या माथ्यावरची काजळी मी खरवडत होतो, तेव्हा खाली एक ठोकलेला आकडा उमटला. मेस्त्रीने चष्मा वर केला. “ह्ये इंजन आदी एकदा बोअर झालंय, साहेब. ह्ये वाढीव मापाचं पिष्टन.” मूळ सिलिंडर ६८ मिलीमीटरचा, रिंगा आणि भिंत झिजली, गाडी ऑइल पिऊन निळा धूर टाकू लागली, की भिंत कोरून मोठी करतात आणि तेवढाच मोठा दट्ट्या घालतात. मी साफ इन्कार केला. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात हिशेबनीस होते. गाडीची वही त्यांनी स्वतः ठेवली होती. आठ आण्याची हवा भरली तरी तीत नोंद असे. बोअरिंगसारखा खर्च वहीत नाही, म्हणजे तो झालाच नाही.

वही आणली. खर्च कोठेच नव्हता. मात्र जून १९८३ नंतर पेट्रोलची नोंद एकदम थांबली होती, आणि पुढची नोंद होती फेब्रुवारी १९८४ ची.

जून १९८३ मध्ये मी पहिल्यांदा नापास झालो. वर्षभराची फी, पुण्याची खोली, खाणावळ, सगळे पुन्हा भरावे लागले. त्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा गाडीवर ताडपत्री होती आणि अण्णा पँटला क्लिप लावून सायकलवरून कारखान्यात जात होते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे, म्हणाले. मी त्यावर एक विनोदही केला होता. तो आज मला शब्दशः आठवतो आणि येथे लिहिण्याची माझी हिंमत नाही. मनुष्य आयुष्यभर पै-पैची नोंद ठेवतो आणि नेमका एक खर्च गाळतो, तो वही कोण वाचणार आहे हे ठाऊक असल्याखेरीज नव्हे. मी दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हाही ते काही बोलले नव्हते. तलाठ्याच्या परीक्षेचा अर्ज तेवढा आणून दिला.

मेस्त्री उठून नळावर हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते.

पुढचे सारे भराभर उरकले. उद्यमनगरातल्या एका खोलीत भिंत पुन्हा कोरून घेतली. बिलावर माझ्या नावाच्या जागी ‘दट्ट्यावाले साहेब’ असे लिहून आले, यावरून मेस्त्रीने माझी कीर्ती कोणत्या स्वरूपात पसरवली होती ते कळले. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ न देता बसवल्या, हेडचे बोल्ट मधून कडेकडे कसत नेले, इडलीपात्र मालकिणीच्या हवाली झाले. तिने ते तीनदा चिंचेने घासले आणि मोलकरणीला देऊन टाकले.

चौथ्या प्रयत्नाला इंजिन लागले. मेस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हर हेडला टेकवला, मुठीला कान लावला, डोळे मिटले. “दट्ट्या ब्येस चाललाय. टापीट तेवढं वाजतंय.”

मी यादी तपासली. २१४ पैकी २१४. तरीही परातीत एक बोल्ट उरला होता. जो दप्तरी नाही तो कायद्याने अस्तित्वात नाही, असे मी म्हणणारच होतो. पण मेस्त्रीने तो उचलला, बोटांत फिरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“ह्यो आपला न्हवं, साहेब. ह्यो अण्णांच्या टायमाचा असंल.”

बोल्ट नवाकोरा दिसत होता. मी तो निमूटपणे खिशात टाकला.