घासलेला अंगठा

आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ साली सांगून ठेवलंय की, संगणक प्रणालीतली चूक जितक्या लवकर पकडाल तितकी स्वस्तात सुटते. म्हणून चार जणांनी बसून कागद आधीच ओळीनओळ तपासावा. आपल्याकडे या पद्धतीत मोलाची सुधारणा झाली.

जून २०१७ मध्ये महाराष्ट्रात ३४,०२२ कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन. प्रणालीला नेमकं काय हवं, हे आधी तपासण्यात वेळ दवडला नाही; ते काम नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यांवर सोपवलं. ऐन खरिपात, विनामोबदला. मुखेड काय, औसा काय, रांगेत उभं राहून लोकांनी एकेक रकाना असा बारकाईनं तपासला की फॅगनसाहेबांनी बोटं तोंडात घातली असती. पुढं एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले. काही जण त्याला घोळ म्हणाले. आम्ही एकात्मता म्हणतो.

फक्त ओळख पटवायला यंत्रावर अंगठा देण्याचं कलम तेवढं कच्चं राहिलं. "आजी, पुन्हा ठेवा." आजी पदराला बोट पुसते, पुन्हा दाबते, यंत्राचा दिवा पुन्हा लाल. खुरप्यानं रेषाच ठेवल्या नाहीत, त्याला यंत्र काय करणार?

तरी आमची नम्र सूचना : पुढच्या योजनेत अट उलटी करावी. ज्याचा ठसा पहिल्या झटक्यात स्वच्छ उमटेल, तो शेतकरी नाही असं समजून अर्ज बाद करावा. पडताळणीचा खर्चही वाचेल.