गिझरवरील आरोपांबाबत खुले पत्र

प्रति,
श्री. गिझर (१५ लिटर, २००० वॅट),
मुक्काम बाथरूमची भिंत.

विषय : कामात कुचराई केल्याच्या आरोपांची चौकशी.

महोदय,

साठवणीच्या गिझरवरचा पहिला आरोप ‘पाणी तापतच नाही’ हा. २००० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढते. म्हणून तिला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. सैल सॉकेटमध्ये पिन काळी पडते, प्लास्टिक वितळते आणि घरात निकाल लागतो : ‘मालच हलका!’ चौकशी त्यामुळे भिंतीपासून करायची. आधी एमसीबी, मग स्विच, मग सॉकेट. तिथवर वीज येत असेल, तर थर्मल कटआउट पडलेला असतो, थर्मोस्टॅट बिघडलेला असतो किंवा कॉइल जळालेली असते. थर्मोस्टॅट अडकला तरी पाणी उकळू नये, यासाठी कटआउट असतो. तो रीसेट करूनही वारंवार पडत असेल, तर थर्मोस्टॅट तपासून घ्यावा लागतो. कटआउट थेट जोडून देणारा कारागीर फार स्वस्त पडतो, तेही एकदाच.

दुसरा आरोप कोमट पाण्याचा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला या कॉइलला सुमारे २१ मिनिटे लागतात. बटण दाबून पाच मिनिटांत कढत बादली मागणाऱ्यांनी तक्रार भौतिकशास्त्राकडे न्यावी. टाकीतले गरम पाणी मागून येणाऱ्या गार पाण्याच्या रेट्यानेच बाहेर पडते, त्यामुळे सलग दुसरी बादली कोमट निघणारच.

तिसरा आरोप खडखडाटाचा. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार कॉइलवर पांढरट कवच धरतात. त्याखाली कॉइल प्रमाणाबाहेर तापते, आवाज करते आणि शेवटी जळते. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही जड पाण्यात लवकर संपतो. वार्षिक सर्व्हिसिंगमध्ये क्षार काढणे आणि रॉड पाहणे, एवढेच काम असते. तेच नेमके दिवाळीनंतर करायचे ठरते आणि राहून जाते.

चौथा आरोप गळतीचा. तापताना १५ लिटर पाणी पाव लिटरच्या आसपास फुगते. तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब हे गिझरचे कर्तव्य आहे. त्याला एम-सील लावणे म्हणजे टाकीचा श्वास कोंडणे. पत्र्याच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल, तर मात्र टाकी गेली. तिथे डागडुजी चालत नाही.

पाचवा आरोप नळाला करंट लागण्याचा. इथे विनोद संपतो. ओल्या हाताने काहीही न चाचपता मेन स्विच बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियनकडून कॉइल व अर्थिंग तपासून घ्यायचे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर तो बसवल्याशिवाय गिझर चालू करायचा नाही.

निकाल : पाचपैकी बहुतेक आरोपांत गिझर निर्दोष, वायरिंग, पाणी आणि चालढकल दोषी. दंडाची वसुली घरमालकाकडून व्हावी.

कळावे,
गार पाण्याने आंघोळ केलेले समस्त कुटुंबीय