‘पास’ कसे व्हावे, करावे व काढावे

इंग्रजीतले ‘पास’ हे क्रियापद शिकायचे असल्यास अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेला यावे. पहिला धडा : ‘पास’चा अर्थ शोधत बसू नये, शेजारचे मराठी क्रियापद पाहावे. ‘होणे’ असेल तर करणारा हात झाकलेला असतो, ‘करणे’ असेल तर तो दिसतो आणि ‘काढणे’ असेल तर पैसे आपल्या खिशातून जातात. शंभरात ३५ गुण पडले की ‘पोट्टं पास झालं’. तपासनिसाचे नाव कोणी घेत नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ग्रेडर मूठभर कापूस उचलून धागा ताणून बघतो, मग ओलावा मोजतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ पर्यंत कपात, त्याहून जास्त असेल तर माल नापास. ज्याची गाडी सुटली तो म्हणतो, ‘माल पास झाला’; मागे रांगेत अडकलेला म्हणतो, ‘त्याचा बरा पास केला!’ मासिक पास मात्र प्रवाशाने स्वतःच काढावा आणि तो दाखवून आरक्षित डब्यात बसू नये.

यावर शुद्धतावादी म्हणतील, उत्तीर्ण, मंजूर, संमत असे शब्द असताना ही उसनवारी कशाला? त्यांनी बाजार समितीच्या आवारात ‘कापूस उत्तीर्ण झाला’ असे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. हे तिन्ही शब्द चांगले आहेत, पण उत्तीर्ण परीक्षेपुरता, संमत सभागृहापुरता, मंजूर कर्जापुरता. ‘पास’ सगळीकडे चालतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मग घोटाळा होणार नाही का? होतो. ‘गाडी पास झाली’ म्हणजे एक्स्प्रेस न थांबता बडनेऱ्याकडे निघून गेली, की एमएच २७ पासिंगचा टेम्पो आरटीओच्या तपासणीतून सुटला? अशा वेळी ‘कोणी केली?’ असे विचारावे. साहेबाचा उल्लेख आला तर टेम्पो समजावा; ऐकणारा आपल्याकडेच वेड्यासारखा पाहू लागला तर एक्स्प्रेस.

हीच कसोटी सरकारी कचेरीत लावावी, कारण तिथे ‘करतो’ असे कोणी म्हणत नाही. ‘बिल पास होऊन जाईल’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि त्यात जबाबदार माणूस एकही नसतो. ते ऐकून समाधानाने घरी जाऊ नये. ‘कोण करणार?’ असे नम्रपणे विचारावे, टेबल लिहून घ्यावे आणि सही होईपर्यंत ‘होणे’ हे क्रियापद स्वीकारू नये.